घरावरच्या गाठी

वसमत
३० नोव्हेंबर २०२४

सौ. सखुबाई यांस अनेक आशीर्वाद.

वर श्री लिहिलेला नाही. तेरावा होऊन गेला तरी हात तिकडे वळला नाही.

मी सुखरूप पोचलो. बसमध्ये कंडक्टर दोनदा काहीतरी ओरडला. मी कानाकडे बोट दाखवलं, तेव्हा शेजारच्या माणसाने माझ्या वतीने वसमत सांगितलं. आता सगळीकडे असंच चालतं.

जिवनच्या तेराव्याला घर भरलेलं होतं. जो तो माझ्या कानाशी येऊन तोंड हलवत होता आणि मी मान हलवत होतो. किसनराव ओसरीवर बराच वेळ काही सांगत होते. सख्खा धाकटा भाऊ, पण त्यातलं मला ‘जिवन’ एवढंच ओठांवरून कळलं. तुमच्याशी बोलायचं होतं. पण भासऱ्यापुढे भावजय पदर ओढून उभी राहते, ही आपल्या घरची रीत. पंचेचाळीस वर्षांत आपण समोरासमोर दहा वाक्यं बोललो नसू. माझे कान गेल्यापासूनच्या नऊ वर्षांत आपण बोललो ते पत्रांतून, आणि तेही जिवनच्या नावाने. ती सांगायची, तुम्ही लिहायचात. मी लिहायचो, तुम्ही तिला वाचून दाखवायचात. बहीण आंधळी, भाऊ बहिरा, मधे तुम्ही. तिच्या माघारी हे पहिलं पत्र थेट तुम्हाला.

एक मागणं आहे. तिची गावाची वाकळ मला हवी आहे. शेवटची अकरा वर्षं ती शिवत होती ती. तेराव्याला तिची पेटी कोपऱ्यात दिसली, पण भरल्या घरात पेटी उघडा म्हणणं बरं दिसलं नसतं. कायमची नको. महिनाभर दिलीत तरी चालेल.

किसनरावांना आशीर्वाद. इकडे प्रियदर्शनी शाळेत शिकवून आली की माझ्यासमोर बसून पाटीवर दिवसाच्या बातम्या लिहिते. मुलगी असून मास्तरीण झाली आहे माझी.

तुमच्या घरी माझ्यासाठी थोडा लोभ शिल्लक आहे असं धरून चालतो.

विश्वंभर


मु. गोरखेडा, ता. कळमनुरी
१६ डिसेंबर २०२४

ती. दादांच्या चरणी सखुचा साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला. तुरीच्या शेंगा भरल्या आहेत, रानडुकरं येऊन राहिलीत, हे दिवसभर शेतातच असतात. घरात मी एकटी. दोन माणसांचा स्वयंपाक मला अजून जमत नाही. तिघांचाच होतो आणि सकाळी शिळी भाकर मी खाते.

वाकळ पेटीत आहे. सवड झाली की पाठवते.

दुपारी भिकाबाई आली होती तांड्यावरून. तेराव्याला गर्दीत तिला बसता आलं न्हाई म्हणून आता आली. वन्सं बसायच्या त्या खांबाशी बसली आणि त्यांच्याच गोष्टी सांगत राहिली. त्या दोघींची मैत्री तुम्हाला माहीत आहे. भिकाबाईनं आपला टाका त्यांना शिकवला, त्यांनी आपला तिला. भिकाबाई कपड्यावर आरसे लावायची, तेव्हा वन्सं म्हणायच्या, मला काय करायचं आरशाचं, माझं तोंड मला पाठ आहे. मग एक दिवस त्यांनी आरशावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, हे तर गार लागतं. त्या दिवसापासून वाकळीत जिथं पाणी तिथं आरसा. विहीर म्हणजे एक मोठा आरसा, कयाधू म्हणजे बारक्या आरशांची रांग. भिकाबाई सांगत होती, आमच्या आज्या-पणज्यांना हे सुचलं नव्हतं. सांगताना हसली आणि मग तोंडावर ओढणी घेतली.

गावात एक घर असं नाही जिथं त्यांची वाकळ नाही. लोक धडुतं आणून द्यायचे आणि रंग सांगायला लागायचे. त्या हात आडवा करायच्या. रंग तुमचा तुमच्याकडं ठेवा म्हणायच्या. मऊ कुठं, खरबरीत कुठं, कोणतं कापड किती घामानं धुतलं गेलंय, यावर त्यांचं सगळं ठरायचं. ग्यानोबानं बापाचं धोतर आणून दिलं, तर हात फिरवून म्हणाल्या की तुझा बाप डाव्या खांद्यावर ओझं घ्यायचा. ते खरं होतं. एकदा शहरातून बाया आल्या, जांभळ्याशेजारी हिरवा किती धाडसानं लावलाय म्हणाल्या. त्या गेल्यावर वन्सं इतक्या हसल्या की ठसका लागला.

तुम्हाला आता काहून वाकळ पाहिजे झाली? वसमतला तुम्ही दुकानचं ब्लँकेट घेता. वन्संनी दिलेली तुमच्याकडं पहिल्यापासून घडी घालून ठेवलेली आहे, हे मला वहिनी होत्या तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं.

रागावू नका. मोठेपणानं सांभाळून घेत आलात तसं घ्या.

सखु


वसमत
४ जानेवारी २०२५

सौ. सखुबाई यांस अनेक आशीर्वाद.

घडी घातलेल्या वाकळीचं लिहिलंत ते खरं आहे. तुमच्या जाऊबाईंना ती जड वाटायची. मला शाळेतल्या मास्तरच्या घरात वाकळ बरी दिसणार नाही असं वाटायचं. तेव्हा असंच वाटायचं.

काहून म्हणून विचारलंत. सांगतो.

जिवन तीन वर्षांची असताना देवी आल्या. तिचे डोळे गेले, माझ्या गालावर नुसते वण राहिले. मी सात वर्षांचा होतो. ती भिंत धरून चालायला शिकली तेव्हा मी भिंतीच्या कडेने तिच्या पुढे चाललो. आईने तिला कामाला म्हणून एक जुनी वाकळ उसवायला दिली. तिने ती उसवली, आणि कोणी न शिकवता पुन्हा शिवून आणून दिली. टाके उलटे पडले होते. आई म्हणाली, पोरगी उसवता उसवता शिकली. सुईत दोरा ती जिभेने ओवायची. मी डोळ्यांनी ओवायच्या आत तिचा ओवून व्हायचा, आणि ती विचारायची, दादा, उजेड कमी आहे का?

पुढे मी नोकरीला निघून गेलो. ती राहिली. हळद शिजवताना कढई कधी उतरवायची हे किसनराव तिलाच विचारायचे, वासावरून ती सांगायची. वासरांची नावं ती ठेवायची. हे सगळं मला पत्रातून कळत गेलं.

गावाच्या वाकळीत तिने प्रत्येक घर शिवलं होतं आणि प्रत्येक घरावर त्या घरातल्या माणसांइतक्या गाठी. कोणी जन्मलं, लग्न होऊन आलं, की ती एक गाठ घालायची. कोणी मेलं की उसवायची. कोणी कायमचं गाव सोडलं तरी उसवायची. तुमच्या मुलाने, रुद्रने, पुण्यात घर घेतलं तेव्हा तिने त्याची गाठ काढली, हे तुम्हीच लिहिलं होतं. तो रुसला, तर त्याला म्हणाली की बाबा, तू बॅग घेऊन येतोस आणि बॅग घेऊन जातोस, तुला मी पाहुण्यांत धरलंय, लाडूही पाहुण्याचाच मिळेल.

रुद्रला गाव सोडून तेव्हा दोन वर्षं झाली होती. मला जाऊन त्रेपन्न झाली. शेवटची सहा वर्षं तर भाऊबीजेलाही आलो नाही. ती बोलणार, मला ऐकू येणार नाही, मी बोलणार, मला माझाच आवाज कळणार नाही, आणि ती माझ्या तोंडाकडे चेहरा करून बसणार. ते मला सोसत नव्हतं. न येणं सोपं होतं.

आपल्या घरावर माझी गाठ आहे की तिने उसवली, एवढंच मला बघायचं आहे. तिला जिवंतपणी विचारायचं धाडस झालं नाही. पत्रात लिहिलं असतं तर तुम्हाला मोठ्याने वाचावं लागलं असतं.

संक्रांत झाली की प्रियदर्शनी येईल, सोळा तारखेला. तिच्याजवळ द्या. सवड काढायची गरज नाही.

मनात काही न ठेवता लिहिलं आहे, तसंच घ्यावं.

विश्वंभर


गोरखेडा
९ जानेवारी २०२५

ती. दादांच्या चरणी साष्टांग नमस्कार.

प्रियदर्शनीला पाठवू नका. लेकराला इतक्या लांबून रिकाम्या हातानं परत जावं लागेल.

वाकळ घरात नाही. पेटीत आहे असं मी खोटं लिहिलं.

वन्संना शेवटी फार थंडी वाजू लागली. दोन ब्लँकेटं घातली, शेकोटीचं घमेलं खाटेखाली ठेवलं, तरी दात वाजत होते. मला दुसरं जड काही सुचलं न्हाई. पेटी उघडली आणि गावाची वाकळ त्यांच्या अंगावर घातली. त्यांना लगेच कळलं. म्हणाल्या, सखे, ही अंगावर घ्यायची न्हाई, ही वाचायची आहे. पण काढू दिली न्हाई. त्यांचा कापरा थांबला. तीन दिवस ती त्यांच्या अंगावर होती आणि तीन दिवस त्यांची बोटं गावभर हिंडत होती. कोणाच्या घरावर आली की त्या नाव घ्यायच्या. मोतीबाईच्या घरावर आल्या तर म्हणाल्या की ही अजून माझी चाळणी देऊन न्हाई राहिली.

चौथ्या दिवशी सकाळी गेल्या.

गेलेल्या माणसाच्या अंगाखालचं, अंगावरचं आपण घरात ठेवत न्हाई. आम्ही बाया वन्संना अंघोळ घालत होतो. तेवढ्यात यांनी आणि ग्यानोबानं गादी, उशी, ब्लँकेटं सगळं एका चादरीत बांधलं. वाकळही त्यातच. मी दारातून ते गाठोडं जाताना पाहिलं. वाकळीचा कोपरा बाहेर आला होता. एक शब्द बोलले असते तर थांबलं असतं. अंगणात भावकीतली सगळी मोठी माणसं बसली होती, त्यांच्यापुढं बोलायची मला सवय न्हाई, हे एक कारण. वन्संच्या अंगावरचं त्यांच्याच बराबर जाऊ दे असं वाटलं, हे दुसरं. पण खरं म्हणजे मी थकले होते दादा. महिनाभर उठबस, पाठ चोळणं, औषधं. मला तेव्हा गाठोडं काय आणि वाकळ काय, सारखंच होतं.

ते दोघं गाठोडं कयाधूच्या काठी ठेवून आले. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी ग्यानोबाला पाहायला पाठवलं. तिथं काही नव्हतं. परवा तो आपणहून पुन्हा जाऊन आला, पार पुलापर्यंत. तो म्हणतो कोणी गरजवंतानं नेली असेल, थंडीचे दिवस आहेत. मी व्हय म्हणाले.

यांना गाठींचं काही माहीत न्हाई. त्यांना दोष देऊ नका. द्यायचा तो मला द्या.

लोभ असू द्या असं लिहायची हिंमत आज न्हाई.

सखु


वसमत
९ फेब्रुवारी २०२५

सौ. सखुबाई यांस आशीर्वाद.

महिना लागला, कारण राग आला होता. तो पुरता गेला असं लिहिलं तर मीही खोटं लिहीन.

प्रियदर्शनी म्हणाली, बाबा, काकूला एवढं तरी लिहा की पत्र पोचलं. मी लिहिलं नाही. तिने पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं की काकूच्या जागी तुम्ही असता तर आत्याच्या अंगावर काय घातलं असतं. मी पाटी पुसली. दुसऱ्या दिवशी तिने तेच पुन्हा लिहून ठेवलं आणि शाळेत गेली.

मी तिथे नव्हतो. तेव्हा जिवनच्या अंगावर काय घालायचं हे ठरवणं माझ्या वाट्याला आलं नाही. ज्यांच्या वाट्याला आलं त्यांनी तिचा कापरा थांबवला. हे मला कळतं. कळायला वेळ लागला.

आता वाकळ नाही, तेव्हा तुम्हालाच विचारतो. अकरा वर्षं ती तुमच्या डोळ्यांसमोर शिवली गेली. आपल्या घरावर किती गाठी होत्या? तीन होत्या की चार? जिवन, किसनराव, तुम्ही. त्यापुढे एक होती की नव्हती?

जे असेल ते लिहा. पंच्याहत्तरी झाली माझी. आता कोणी गोड बोललं तरी मला ऐकू येत नाही.

विश्वंभर


गोरखेडा
३ मार्च २०२५

ती. दादांच्या चरणी साष्टांग नमस्कार.

हळद काढायला आली आहे. शिजवणी परवा सुरू झाली. पहिल्या कढईला यांनी सवयीनं ओसरीकडं तोंड करून विचारलं की काढू का. मग स्वतःच काडी टोचून पाहिली. पहिली कढई थोडी जास्त शिजली.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत न्हाई.

मी कधी मोजल्या न्हाईत. वाकळ माझ्यासमोर असायची, पण ती बोटांची होती. मी तिच्याकडं पाहिलं ते कापड म्हणून. धुवायची कशी, वाळवायची कुठं, उंदीर लागेल का, एवढंच. गाठी पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याच्या. डोळ्याला दिसायच्याही न्हाईत.

चार होत्या असं लिहिणं मला सोपं होतं. तुम्ही कुठं पडताळणार होता? असं मी नऊ वर्षं करत आले. वन्सं सांगायच्या ते सगळं मी लिहिलं न्हाई. झोंबेल ते गाळायची आणि त्या जागी आपल्या मनचं काही घालायची. तुमच्या वाट्याची बोलणी माझ्याकडं साचून राहिलीत, ती आता तुमची तुम्हाला देऊन टाकते.

त्यांनी सांगितलं होतं, दादाला लिही, तकलीफ कानाला आहे, पायाला काय झालं? मी लिहिलं, प्रकृतीला जपा.

तुम्ही वेळ बोलून सांगणारं घड्याळ पाठवलंत. त्या म्हणाल्या, घड्याळ बोलतंय, पाठवणारा न्हाई. मी लिहिलं, घड्याळ फार आवडलं. आवडलं होतंच. त्याला त्या दादा म्हणायच्या. दादा, किती वाजले?

एका भाऊबीजेला तुमची वाट पाहून ओवाळणीचं ताट त्यांनी खांबापुढं धरलं आणि खांबाला ओवाळलं. म्हणाल्या, हा पण ऐकत न्हाई, पण जागेवर तरी असतो. त्या दिवशीच्या पत्रात मी पिकापाण्याचं लिहिलं होतं.

हे सगळं त्या हसत सांगायच्या. हसण्याच्या मागं काय होतं ते मी पाहिलं न्हाई. माझं चुलीवर काहीतरी असायचं.

आणखी एक. शेवटच्या दिवशी संध्याकाळी त्यांची बोटं आपल्या घरावर येऊन थांबली. त्यांनी कात्री मागितली. मी विचारलं कशाला, तर म्हणाल्या की एक काम राहिलंय, नंतर तुला कोण करून देणार. मला वाटलं तापात बोलून राहिल्या. बोट कापून घेतील म्हणून दिली न्हाई. आता वाटतं, स्वतःची गाठ त्यांना स्वतः उसवायची होती. तुमची होती की न्हाई त्यावरून कळत न्हाई. माझ्या परीनं पुष्कळ विचार केला. कळत न्हाई.

त्यांचं धडुत्यांचं बोचकं मात्र राहिलंय. त्यात मी आपलं घर शिवलं. सगळं गाव मला होणार न्हाई, माझ्यात तेवढं उरलं न्हाई. हातभर तुकडा आहे. भिंतीला त्या जाड मांजरपाट लावायच्या, तोच लावला. अंगणाला गोणपाट. डोळे मिटून शिवून पाहिलं, दोनदा सुई बोटात गेली, मग उघडे ठेवले. गाठी घालताना बसून राहिले. किती घालायच्या हे ठरवायला दोन दुपारी गेल्या. घातल्यात. त्यांच्यासारख्या बारीक आल्या न्हाईत.

ग्यानोबा वसमतला बाजाराला येणार आहे, त्याच्याबरोबर पाठवते. हा परत पाठवू नका.

घरातल्यानं घरातल्याला सांभाळावं तसं सांभाळा. दुसरं काही मागत न्हाई.

सखु


वसमत
२१ मार्च २०२५

सौ. सखुबाई यांस अनेक आशीर्वाद.

ग्यानोबा आला. चहा घेतला, बराच वेळ बोलला, गेला. तुकडा पोचला.

दुपारी दार लावून डोळे मिटून बसलो. भिंत लगेच कळली. अंगण कळलं. गाठी सापडायला वेळ लागला. माझी बोटं खडूची आहेत, त्यांना काही शिकवलेलं नाही. एक सापडली की दुसरी हरवायची. पुन्हा पहिल्यापासून. तिला हे आयुष्यभर कसं जमलं असेल, ते त्या तासाभरात थोडं कळलं.

तीन आहेत.

एक किसनरावांची, एक तुमची. तिसरी जिवनची की माझी, ते तुम्ही लिहिलं नाही. बहुतेक तुम्हीही ठरवलं नसेल. मी विचारत नाही. तिची असेल तर नियमाने उसवायला हवी. माझी असेल तर तीच उसवून गेली असेल की काय, हे कोणी सांगणार नाही. प्रियदर्शनीने कात्री आणून समोर ठेवली होती, तिला वाटलं दोरा सुटलाय. मी ती उचलून आत ठेवून आलो.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीने येतो. थांब्यावर कोणी येऊ नये, वाट मला दिसते. स्वयंपाक तिघांचा करा. आणि पदर ओढून उभ्या राहू नका. मला ओठ दिसले नाहीत तर काहीच कळत नाही.

विश्वंभर